ग्लुकोज प्यायल्यानंतरचे दोन तास

साखर-तपासणीच्या खोलीत भिंतीवर घड्याळ नसावं, असं माझं मत होतं आणि ते मी व्यवस्थापनाला रीतसर कळवलंही होतं. समोर घड्याळ असलं की बसलेला माणूस काट्याकडे बघत राहतो. काटा हलतच नाही असं त्याला वाटू लागतं, आणि मग तो स्वतः हलतो. आमच्या कामात नेमकं तेच चालत नाही. माझ्या पत्रानंतर थोड्याच दिवसांत त्या खोलीत आधीच्यापेक्षा मोठं घड्याळ लागलं. कुणा औषध कंपनीची भेट होती म्हणे.

मी मूळची शाळेतली. धारवाडच्या मळमड्डीत वाढले, वडील शिक्षक, त्यामुळे घरातही तास सुरू असल्यासारखंच वातावरण. मुलींच्या शाळेत काही वर्षं विज्ञान शिकवलं, मग आहारशास्त्राची पदविका घेतली आणि हुबळीच्या एका रुग्णालयात आरोग्यशिक्षिका म्हणून रुजू झाले. गेल्या वर्षी निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. शाळा सुटली तरी शाळेतलं नाव सुटलं नाही. डॉक्टरबाईंपासून झाडणाऱ्या मावशींपर्यंत सगळे मला ‘टीचर’च म्हणत.

माझं काम सांगायला सोपं आहे. सकाळी माणूस उपाशीपोटी येतो. त्याचं रक्त घेतात. मग ग्लुकोज विरघळवलेल्या पाण्याचा पेला त्याला प्यायला देतात, आणि दोन तासांनी पुन्हा रक्त घेतात. मधले दोन तास त्याने बसून राहायचं. चालायचं नाही, खायचं नाही, विडी ओढायची नाही. चालल्याने स्नायू साखर वापरतात आणि आकडा खोटा पडतो. हुबळीच्या व्यापाऱ्यांना मी एवढंच सांगत असे की तराजूत माल टाकल्यावर दांडीला हात लावायचा नसतो. ते त्यांना लगेच पटे. त्या दोन तासांत माणसांना बसवून ठेवणं आणि बसल्या बसल्या त्यांच्या खाण्यापिण्याची, घराण्याच्या दुखण्यांची माहिती काढणं, हे माझं काम.

ही तपासणी कशासाठी, तेही सांगते. उपाशीपोटीची साखर शंभराच्या आत असली तर माणूस निर्धास्त. एकशे सव्वीस किंवा त्याहून जास्त, आणि दुसऱ्या तपासणीतही तशीच आली, तर मधुमेह. या दोहोंच्या मधे जो भाग उरतो त्याला मी ‘मधली पट्टी’ म्हणत आले. मधल्या पट्टीतला माणूस आजारी नसतो आणि धडधाकटही नसतो. त्याला तहान लागत नाही, पाय दुखत नाहीत, वजन उतरत नाही. दुखत नाही म्हणून पटत नाही, आणि माझं निम्मं आयुष्य न दुखणारी गोष्ट पटवून देण्यात गेलं. पण परत फिरायची वाट याच पट्टीतून निघते. पुढे गेल्यावर ती फार अरुंद होते.

लोक मात्र तपासणीकडे परीक्षा म्हणून बघत. उणकलचे एक निवृत्त अधिकारी तपासणीआधी आठवडाभर मोड आलेले मूग खाऊन राहिले आणि उत्तम आकडा मिळवून माझ्यासमोर विजयी मुद्रेने बसले. डॉक्टरबाईंनी त्याच रक्तातून मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी दुसरी तपासणी करायला लावली. तिच्यापुढे मुगांचं काही चाललं नाही. “टीचर, हे म्हणजे न सांगता पेपर घेतल्यासारखं झालं,” असं ते म्हणाले आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

अशांची गंमत वाटे. खरी काळजी वाटे ती माझ्या बाकावर कधी न बसणाऱ्यांची. आमच्याकडे येणारे पुरुष बहुतेक तिशी-चाळिशीतले, दिवसभर गल्ल्यावर किंवा खुर्चीवर बसणारे, पोटाचा घेर वाढलेले. कुणाला विमा हवा असे, कुणाला आईने ओढून आणलेलं असे. बायका येत त्या पन्नाशी उलटल्यावर, आणि त्याही डोळ्यांना अंधारी आली किंवा जखम भरेना म्हणून. शास्त्र असं सांगतं की पुरुषांत हे जरा लवकर दिसतं आणि बायकांत पाळी गेल्यावर झपाट्याने वाढतं. ते खरंच आहे. पण तरुण बायका माझ्या बाकावर नव्हत्या, त्या त्यांना काही होत नव्हतं म्हणून, की त्यांना कुणी आणत नव्हतं म्हणून, हा प्रश्न मला नेहमी पडे. त्यांतल्या एका गटाबद्दल तर शंकेला जागाच नव्हती. गरोदरपणात जिची साखर वाढते, तिची बाळंतपणानंतर उतरली तरी पुढे तिने जन्मभर लक्ष ठेवायला हवं. पुढच्या गरोदरपणात तर अगदी सुरुवातीपासून. बाळाचे अवयव घडतात ते पहिल्या तीन महिन्यांत, आणि आमच्याकडे बातमी सांगायची ती तिसरा महिना उलटल्यावर.

श्रावणातल्या एका शुक्रवारी हे सगळं माझ्या समोर एका बाकावर येऊन बसलं.

दुर्गदबैलच्या बाजारात कापडाचं दुकान असलेलं घर. मूळचे कोल्हापूरकडचे, पण तीन पिढ्या इथेच गेल्या. आई पुढे, मुलगा मागे आणि सून सर्वांत मागे, असे तिघे आत आले. आईंना सगळा बाजार ‘अक्का’ म्हणत असे. साठीच्या उंबरठ्यावरच्या, ठसठशीत कुंकू, आवाज दुकानात घडलेला. मुलगा प्रशांत पस्तिशीचा, गोरा, गुबगुबीत. सून अश्विनी तिशीचीही नसावी, अंगाने अगदी शेलाटी.

“टीचर, याला लवकर मोकळा करा,” अक्का म्हणाल्या. “आज जिवतीचा शुक्रवार आहे. दुपारी सवाष्ण जेवायला सांगितलीय. पुरण शिजवून ठेवलंय, वाटायचं हाय अजून.”

मी दोन तासांचं सांगितलं.

“दोन तास? सुई टोचायला?”

“टोचायला नाही. बसायला.”

“बसायला काय, तो दुकानात पण बसतोच की,” असं म्हणून अक्कांनी मुलाला बाकावर बसवलं, सुनेला त्याच्याजवळ ठेवलं आणि फुलं, विड्याची पानं, केळी आणायला बाहेर गेल्या. “पंधरा मिनिटांत येती. अश्विनी, मी आले की आपण दोघी निघू. हा येईल मागनं.”

प्रशांतचं रक्त घेतलं, त्याने ग्लुकोज पिऊन टाकलं आणि पेल्याकडे बघत म्हणाला, “एवढंच? लग्नात सरबत याच्याहून गोड असतंय.”

मी नेहमीच्या प्रश्नांना सुरुवात केली. वडिलांना साखर? होय. आजीला? होती, पाय कापला होता. मूलबाळ? एक मुलगी, चार वर्षांची. जन्माच्या वेळी वजन? हा प्रश्न मी वडिलांनाही विचारत असे, कारण त्यातून बाळाच्या आईबद्दल कळे. प्रशांत बायकोकडे बघू लागला.

“चार किलोच्या वर होती,” अश्विनी म्हणाली. “जन्मल्यावर तिची साखर उतरली. काचेच्या पेटीत ठेवलं होतं.”

“तुमची साखर वाढली होती का, पोटात असताना?”

“शेवटी शेवटी. मग बाळंत झाल्यावर उतरली म्हणाले.”

“नंतर तपासलीत? सहा आठवड्यांनी बोलावलं असेल.”

“मी निपाणीला होते, माहेरी. तिथल्यांना वाटलं हुबळीला केली असेल, हुबळीला वाटलं तिथे.” ती किंचित हसली. “आईने डिंकाचे लाडू केले होते डबाभर. साखरेचं कुणाच्या डोक्यात राहील?”

पुढचा प्रश्न मी खालच्या आवाजात विचारला. “सध्या काही आहे का?”

 प्रशांतने दाराकडे बघितलं, आणि मग तोच म्हणाला, “दोन महिने झाले, टीचर. घरी माहीत नाही.”

“मागच्या वर्षी राहिलं होतं,” अश्विनी म्हणाली. सासूला ती ‘अत्या’ म्हणे. “अत्यांना इतका आनंद झाला, त्यांनी पेठेत सगळ्यांना सांगितलं. पेढे वाटले. आणि पंधरा दिवसांत सगळं गेलं. मग जो भेटेल तो विचारायचा. या वेळी तिसरा महिना उलटेपर्यंत कुणाला सांगायचं नाही ठरवलंय. डॉक्टरकडे पण गेले नाही. गेलं की कळतंय.”

मागच्या वर्षीचं ते साखरेमुळेच गेलं, असं मी म्हणणार नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण साखर जास्त असली तर धोका वाढतो, एवढं मला नक्की माहीत होतं. हिची साखर आज किती आहे ते कुणालाही माहीत नव्हतं, आणि पोटातल्या जिवाचे सर्वांत नाजूक आठवडे चालू होते. मी विचारलं, “सकाळपासून काय खाल्लंय?”

“काहीच नाही. नैवेद्य दाखवून सवाष्ण जेवल्याशिवाय आम्ही तोंडात काही घालत नाही. चहा पण नाही.”

एरवी उपाशी या म्हटलं तर माणसं चहा-बिस्किटाला खाणं समजत नाहीत. इथे घरच्या रिवाजाने एक बाई रात्रीपासून काटेकोर उपाशी माझ्यासमोर बसली होती. मी उठून डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी अश्विनीला आत बोलावलं, दोन-चार प्रश्न विचारले आणि तिच्या संमतीने तपासणी लिहून दिली. “आजच,” त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या. “ही घरी गेली तर परत महिन्याने येईल.”

सिस्टरनी उपाशीपोटीचं रक्त घेतलं. मी पेला तयार केला, मळमळू नये म्हणून वर लिंबू पिळलं आणि तिच्या हातात दिला. ती पेला धरून नुसती बसली.

“आज शुक्रवार,” ती म्हणाली. “नैवेद्य व्हायचाय.”

“पी की,” प्रशांत म्हणाला. “देवी काय रागावती?”

“देवीचं नाही ओ. अत्यांचं.”

ज्या रिवाजाने तिचं पोट रिकामं ठेवलं होतं, तोच आता तिचा हात अडवत होता.  माझ्या कामात मन वळवायला जागा आहे, पण इथे ती माझी नव्हती. तिने एकदा दाराकडे पाहिलं आणि पेला एका दमात रिकामा केला. मी वेळ लिहून घेतली.

त्यानंतर फार वेळ गेला नसेल. अक्का हातात फुलांची पुडी आणि केळ्यांची फणी घेऊन आल्या. त्यांची नजर आधी सुनेच्या दंडावरच्या कापसावर गेली आणि मग बाकावरच्या दुसऱ्या पेल्यावर.

“हे काय?”

अक्कांनी वाकून पेला हुंगला.

“अश्विनी, तू प्यायलीस काय ते?”

“होय, अत्या.”

“आज? नैवेद्याच्या आधी?” अक्कांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि ते जास्त वाईट होतं. “तपासणी त्याची. हिची कशाला ओ, टीचर? काडीसारखी बाई. हिला कुठली साखर?”

“डॉक्टरबाईंनी सांगितली आहे,” मी म्हटलं. “बारीक माणसालाही असू शकते.”

“असू दे. नंतर करू. ऊठ अश्विनी, पुरण वाटायचंय. सवाष्ण बाराला दारात येती.”

“त्यांना आता उठता येणार नाही, अक्का.”

“म्हणजे? पायाला बांधून ठेवलंय?”

खरं कारण माझ्या जिभेवर होतं. पण रुग्णाने माझ्याजवळ सांगितलेलं मी तिच्या सासूला सांगायचं नसतं, नियमाने नाही आणि रीतीनेही नाही. मी प्रशांतकडे पाहिलं. एक वाक्य त्याने बोलायचं होतं, आणि तो आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. थोड्या वेळाने त्याने मान वर केली ती मला विचारायला. “टीचर, पाय आखडलाय. थोडा हलवला तर चालतंय काय?”

“पाय हलवा,” मी म्हटलं. “तोंडही हलवलंत तर चालेल.”

त्याला ते कळलं, पण त्याने नुसता पाय लांब केला. अश्विनीने उठायला हात बाकावर टेकला. मी तिच्याकडे पाहून मान हलवली, नाही. ती अर्धवट उठलेली तशीच थांबली. तेवढ्यात तिचा रंग गेला.

ग्लुकोजची मळमळ काहींना होते, गरोदर बाईला हमखास. तिने पदर तोंडावर दाबला आणि डोळे मिटले. उलटी झाली असती तर सगळं वाया गेलं असतं. मग पुन्हा दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी यायचं, पुन्हा तोच पेला. आणि दुसरा दिवस या बाईला कोण देणार होतं? सिस्टर धावत आल्या. त्या कन्नडच बोलत. “सुम्मने कूडव्वा, उसुरु तगो,” गप बस बाई, श्वास घे, असं म्हणत त्यांनी तिला पुन्हा बाकावर टेकवलं. मी तिला मान वर ठेवायला सांगितलं. ती एकामागून एक आवंढे गिळत होती.

अक्का समोर उभ्या राहून बघत होत्या. पदर दाबायची रीत, गिळायची रीत, दुसऱ्या हाताने नकळत पोटाशी धरलेली साडी. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू ओसरला आणि त्या जागी दुसरं काहीतरी आलं. त्यांना कुणी काहीच सांगितलं नाही.

“कितवा?” त्यांनी विचारलं.

अश्विनीने डोळे उघडले. “तिसरा लागलाय.”

अक्का बाकाच्या टोकाला बसल्या. केळ्यांची फणी मांडीवर तशीच होती. “पेठभर सांगत फिरले मी मागच्या वेळी. म्हणून मला वगळलं तुम्ही. बरोबर आहे तुमचं.”

“तसं नाही, आई,” प्रशांत म्हणाला.

“तू गप. टीचरांनी मघाशी बोल म्हणून सांगितलं तवा बोलला नाहीस.” मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “आता नीट सांगा. हिने हे प्यायलं, बसली, पुढे काय? लेकराला काय?”

मी सांगितलं, शाळेत सांगत असे तसं, एकेक पायरी करून. आईच्या रक्तातली साखर नाळेतून बाळाकडे जाते. ती जास्त असली तर घडणाऱ्या जिवाला सोसत नाही, पुढे तो नको इतका वाढतो, आणि जन्मल्यावर त्याची साखर एकदम खाली जाते. आधीच्या मुलीचं तेच झालं होतं. आज कळलं तर खाण्याने, चालण्याने, लागलं तर इन्सुलिनच्या सुईने ते आवरता येईल. महिन्याने कळलं तर तो महिना परत आणता येणार नाही.

“आणि ओकली तर?”

“तर कळणार नाही.”

अक्कांनी फुलांची पुडी खाली ठेवली. “ओकायची नाहीस,” त्या सुनेला म्हणाल्या. “ऐकलंस काय? जिवतीची पूजा लेकरासाठीच असती. तिला कुणी समजावून सांगायला नको. वर बघ. माझ्याकडे बघ.”

मग त्यांनी फोन काढला. सवाष्ण म्हणजे गल्लीतल्याच एक शेजारीण होत्या, ज्यांचे पाय धुऊन, ओटी भरून, पहिला घास ज्यांना वाढायचा त्या मानाच्या पाहुण्या. “सुशीला, एक काम कर. आमच्या घरी जा, किल्ली दुकानात आमच्या ह्यांच्याकडे आहे. पुरण शिजलेलं आहे, तेवढं वाटून ठेव… होय, तूच. तुझ्याच पानात वाढायचंय, तूच वाट… उशीर होईल. का ते विचारू नको.” फोन बंद करून त्या स्वतःशीच म्हणाल्या, “यावेळी नाही सांगत कुणाला.”

प्रशांतला हसू आवरेना. अश्विनीही हसली, आणि हसली म्हणून मळमळ जराशी मागे हटली. पण ती परत येत राहिली. पुढचा काळ मी कधी विसरणार नाही. ती सरळ बसायची, मग रंग जायचा, मग आम्ही चौघं श्वास रोखायचो. एकदा तर तिने हाताने भांड्याची खूण केली, सिस्टरनी भांडं समोर धरलं, आणि अक्कांनी ते बाजूला ढकललं. “भांडं बघितलं की येतंय ते. न्या तिकडं.” त्या तिला बोलतं ठेवत होत्या, म्हणजे खरं तर रागे भरत होत्या. परवा भाजीत मीठ जास्त झालं ते, मुलीच्या वेणीला रिबीन चुकीची बांधली ते, निपाणीच्या विहिणींचे ते लाडू. “डबाभर. आणि वर मला पण पाठवले. मी पण खाल्ले.”

त्यांच्या या वाक्यावर मला एक गोष्ट सुचली. “अक्का, तुम्हीही सकाळपासून काही घेतलं नसेल.”

“कसं घेईन? घरातली मोठी मी.”

“मग हात पुढे करा. तुमचं उपाशीपोटीचं तेवढं घेऊ. डॉक्टरबाईंना सांगते.”

“मला काय झालंय?”

“तेच बघायचंय.”

त्या नाही म्हणणार असं मला वाटलं. पण सून त्यांच्याकडे बघत होती, आणि बहुधा तिच्यासमोर सुईला घाबरणं त्यांना जड गेलं. त्यांनी बांगड्या वर सारल्या आणि हात पुढे केला.

प्रशांतचं दुसरं रक्त त्याच्या वेळेला घेऊन झालं. अखेर अश्विनीच्याही वेळेला काटा जागेवर आला. सिस्टरनी अश्विनीचं दुसरं रक्त घेतलं. नळी भरत असताना खोलीत कुणी हललं नाही. सुई निघाली आणि ती उठून न्हाणीघराकडे गेली, आणि आता काय व्हायचं ते होऊ दे म्हणून आम्ही तिला जाऊ दिलं.

अहवाल दुपारी आले. ज्याला घेऊन अक्का आल्या होत्या, त्या प्रशांतचे आकडे मधल्या पट्टीच्या सुरुवातीलाच होते. अश्विनीची साखर एरवी मधल्या पट्टीत बसली असती, पण गरोदर बाईची रेघ खाली असते, आणि ती तिने ओलांडली होती. डॉक्टरबाईंनी त्याच दिवशी तिला प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवलं. तिघांत सर्वांत वरचा आकडा अक्कांचा होता. दुसऱ्या तपासणीनेही तो खरा ठरला. त्या बहुधा कित्येक वर्षं मधली पट्टी ओलांडून पलीकडे राहत होत्या आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. दारातून जी सर्वांत आधी आत आली होती, तिच्यापासूनच तपासायला सुरुवात केली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. त्या शुक्रवारी संध्याकाळी फोनवर त्यांनी मला एवढंच विचारलं होतं, “म्हणजे आज मी पुरणपोळी खाल्ली ते चुकलं काय?” मी विचारलं, किती? त्या म्हणाल्या, “ते विचारू नका.”

पुढचे महिने सुया होत्या, ज्वारीची भाकरी होती, जेवणानंतर उणकलच्या तळ्याकाठी चालणं होतं. प्रशांतही बरोबर चाले, आधी तिच्या सोबतीसाठी आणि मग स्वतःच्या पोटाकडे बघून. फाल्गुनात मुलगा झाला. वजन जेमतेम तीन किलो. जन्मल्यावर त्याची साखर पुन्हा पुन्हा तपासली, ती स्थिर होती, आणि तो पहिल्या दिवसापासून आईजवळ झोपला.

बहुतेकांच्या लेखी गोष्ट इथे संपते. माझ्या कामातलं दुखणं इथून सुरू होतं. बाळासाठी बाई डोंगर उचलते. ग्लुकोज पिते, सुई टोचून घेते, सासूच्या नजरेला नजर देते. बाळ सुखरूप झालं की तिच्या स्वतःच्या रक्तात काय आहे हे विचारणारं कुणी उरत नाही, आणि तीही विचारत नाही. बाळंतपणानंतरच्या त्या एका तपासणीसाठी मी किती जणींना बोलावलं असेल. आल्या त्या थोड्या. माहेर, सव्वा महिना, बारसं, लसी, पुन्हा सासर, पहिल्या मुलाची शाळा. कारणं खरी असत, म्हणूनच त्यांच्याशी भांडता येत नसे.

अश्विनी या वेळीही निपाणीला गेली. सहा आठवडे झाले, ती आली नाही. सातवा गेला. माझ्या निवृत्तीचे दिवस जवळ आले होते. मी अक्कांना फोन केला. त्या त्यांच्या गोळ्यांबद्दल बोलल्या, नातवाच्या जावळाबद्दल बोलल्या. अश्विनी परत आलीय का, या प्रश्नावर म्हणाल्या, “आलीय की. पण दोन तास कुठले ओ, टीचर? तान्हं आहे, मोठी आहे, घर आहे.” मग नुसतं “बघती,” म्हणाल्या.

मी ‘बघती’ ऐकून फार वर्षं काढली आहेत. त्या शब्दावर मी कधी पेला भरून ठेवला नाही.

वैशाखातल्या एका सकाळी दार उघडून अश्विनी आत आली. मागे-पुढे कुणी नव्हतं. मी तिच्या मागे बघू लागले तेव्हा ती म्हणाली, “एकटीच आलेय. बाळाला पाजून आलेय. अत्यांनी घेतलंय. म्हणाल्या, फोन इथेच ठेवून जा, नाहीतर तूच करशील दर घटकेला.”

तिचं रक्त घेतलं. अहवाल काय आला ते आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. मधली पट्टी. सुटका नाही आणि शिक्षाही नाही. तिला दरवर्षी यावं लागेल, आणि ती येईल की नाही हे मला आता घरी बसून कळणार नाही.

त्या सकाळी तिने पेला रिकामा केला, या खेपेला काही मळमळलं नाही. मी माझे प्रश्न काढले आणि पहिला विचारायला वळले, तर ती बाकावर भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उताणे. दोन मुलांची आई, कुणी हाक मारत नसलेली. सिस्टर आत आल्या तशा पावलं न वाजवता परत गेल्या. मी खिडकीचा पडदा ओढला आणि समोर बसून राहिले.

दोन तास भरले, तेव्हा तिला उठवणं माझ्या जिवावर आलं. पण वेळ म्हणजे वेळ. मी तिच्या खांद्याला हात लावला.